एक छायाचित्र आणि त्याचा मथळा

व्यक्तिचित्र हा शब्द मराठी समीक्षेत आपण लेखनासाठी इतक्या सहजपणे वापरतो की, त्यातील ‘चित्र’ हे पद मूळचे दृश्यकलेचे आहे याचा विसर पडतो. चरित्र कसे वाचावे, आत्मचरित्रातील ‘मी’ कसा पारखावा, पत्रव्यवहारातील मौनाचा अर्थ कसा लावावा, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. चरित्रग्रंथाच्या आरंभी छापलेले छायाचित्र मात्र आपण वाचत नाही. क्षणभर पाहतो आणि पान उलटतो. जणू छायाचित्र म्हणजे चरित्रनायकाच्या अस्तित्वाचा दाखला. त्याला आशय असतो, रचना असते, कर्ता आणि वाचक असतो, हे आपल्या गावीही नसते. एकोणिसाव्या शतकातील एका व्यक्तिचित्राच्या आधारे या सवयीची तपासणी करण्याचा हेतू प्रस्तुत लेखामागे आहे.

हे छायाचित्र मराठी वाचकाला अनोळखी नाही. फिलाडेल्फिया येथील ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ या संस्थेच्या जुन्या संग्रहातील ते आहे. १८५० मध्ये स्थापन झालेले स्त्रियांचे हे वैद्यकीय महाविद्यालय पुढे अनेक स्थित्यंतरांतून गेले आणि त्याचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आला; त्या विद्यापीठाच्या वैद्यकीय अभिलेखसंग्रहात हे चित्र जतन केलेले आहे. चित्रात तीन तरुण स्त्रिया आहेत. डावीकडे आनंदीबाई जोशी, मध्ये जपानच्या केई ओकामी आणि उजवीकडे दमास्कसच्या सबात इस्लांबूली. एकीच्या अंगावर साडी, दुसरीच्या अंगावर किमोनो आणि तिसरीने मस्तकावरील अलंकारांसह आपल्या प्रांतीचा पोशाख केलेला. कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. चित्राचा दिनांक १० ऑक्टोबर १८८५ असा नोंदलेला असून, ते महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी दिलेल्या स्वागतसमारंभाच्या प्रसंगाचे आहे असे सांगितले जाते.

एवढे वर्णन झाल्यावर प्रथम लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, या तिघी वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थिनी आहेत हे चित्रात कोठेही दिसत नाही. ना हातात ग्रंथ, ना एखादे उपकरण, ना मानवी सांगाडा. मथळा झाकला तर उरते ती तीन देशांतील तीन वेशांची मांडणी. ही माणसे कोण आणि येथे एकत्र का आली, या प्रश्नाचे उत्तर चित्र देत नाही. ते मथळा देतो. म्हणूनच या चित्राचे वाचन मथळ्यापासून सुरू केले पाहिजे.

चित्राखाली इंग्रजीत तिघींची नावे, गावे आणि देश दिलेले आहेत. प्रत्येक नावाआधी ‘डॉ.’ ही उपाधी आहे. वाचक येथे अडखळत नाही, कारण तिघी डॉक्टर झाल्या हे त्याला ठाऊक असते. पण साले एकापुढे एक मांडून पाहावीत. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती ११ मार्च १८८६ रोजी. ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लांबूलींना १८९० मध्ये. म्हणजे १० ऑक्टोबर १८८५ रोजी यांपैकी एकही डॉक्टर नव्हती. उपाधी शब्दशः घेतली, तर तिन्ही नावांना ती एकत्र लागू शकते ती १८९० नंतरच. चित्र एका काळाचे आणि त्याखालील शब्द दुसऱ्या काळाचे, असा हा प्रकार आहे.

या दोन काळांमधील अंतरात एक मृत्यू आहे. आनंदीबाई पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, क्षयाने निवर्तल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झालेली होती. परंतु ते काम त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. म्हणजे चित्राखाली ‘डॉ.’ ही उपाधी तिघींना सारख्या अधिकाराने लाभली, तेव्हा त्यांतील एक या जगात नव्हती. मथळ्याला हे ठाऊक असले तरी तो सांगत नाही. एक संस्था आपल्या विद्यार्थिनींची यशस्वी यादी करते, आणि यादीत सारी नावे वर्तमानकाळातच असतात.

मराठीतील एका शीर्षकाशी याची तुलना उद्‌बोधक ठरेल. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र १८८९ साली प्रसिद्ध झाले आणि १९१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्या ग्रंथाच्या शीर्षकात नावाआधी ‘कै.’, ‘सौ.’ आणि ‘डॉ.’ अशी तीन संक्षिप्त पदे येतात. पहिले मृत्यू सांगते, दुसरे अहेवपण आणि तिसरे विद्या. मराठी समाजाला ही स्त्री कोणत्या क्रमाने दिसत होती, याचे इतके नेमके दर्शन एखाद्या प्रदीर्घ प्रस्तावनेतूनही घडले नसते. फिलाडेल्फियाच्या मथळ्याने यांपैकी एकच पद ठेवले आणि त्यात देशाचे नाव मिळवले. एकाच व्यक्तीची ही दोन शब्दांकने आहेत. पहिल्याने तिला कुळाच्या व संसाराच्या चौकटीत बसवले, दुसऱ्याने संस्थेच्या कीर्तीच्या चौकटीत. कोणतेही एक खोटे आहे असे नाही. परंतु कोणतेही एक पुरेसेही नाही.

मथळ्यातील गावाचे नाव याहून बोलके आहे. आनंदीबाईंच्या नावापुढे कल्याण नाही, पुणे नाही. तेथे बंगालमधील सेरामपूर आहे, आणि तेही अक्षरे बिघडून ओळखू येणार नाही अशा रूपात. सेरामपूरचा आणि या मराठी स्त्रीचा संबंध काय? गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीस होते. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत होत हे दांपत्य सेरामपूरला आले. येथेच, सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे सांगणारे व्याख्यान दिले, आणि ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने प्रयाण केले. अमेरिकेला त्या जेथून आल्या ते गाव सेरामपूर. म्हणून अमेरिकेच्या दप्तरात त्या सेरामपूरच्या. नवऱ्याच्या बदलीचा पत्ता तिच्या नावाला कायमचा चिकटला. कोणत्याही विवाहित मध्यमवर्गीय स्त्रीच्या पत्त्याची कहाणी बहुधा अशीच असते. येथे ती आंतरराष्ट्रीय झाली इतकेच. ‘आनंदाबाई’ हे मथळ्यातील नावाचे रूप आणि सबातचे झालेले ‘तबात’ हीही याच दप्तराची देणगी होय. कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी चरित्राच्या शीर्षकातही ‘आनंदाबाई’ हेच रूप आहे, आणि तेथे तर त्यांची ओळख पंडिता रमाबाईंची नातलग अशी करून दिलेली आहे.

या चुका क्षम्य आहेत. त्या नोंदवल्या पाहिजेत त्या मात्र वेगळ्या कारणासाठी. वसाहतकाळातील छायाचित्रणाचा मोठा भाग व्यक्तीला नाव नाकारणारा होता. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा वॉटसन आणि के यांनी संपादिलेला आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात माणसे आहेत ती प्रामुख्याने जातीचे, जमातीचे, प्रांताचे नमुने म्हणून. चेहरा एकाचा, मथळा समूहाचा. फिलाडेल्फियाच्या चित्राने तिघींना चुकीच्या अक्षरांत का होईना, पण स्वतःचे नाव दिले. तथापि मांडणीचे तंत्र त्या खंडांपासून फार दूर गेले आहे असे म्हणता येत नाही. वेश हेच ओळखीचे साधन, प्रत्येक देशाची एक प्रतिनिधी आणि तिघींना एका ओळीत आणणारी बाहेरची नजर, हे सारे येथेही आहे. महाविद्यालयाची कीर्ती भारत, जपान आणि सिरियापर्यंत पोहोचली आहे, हे चित्र पाहणाऱ्याला पटावे असा त्याचा घाट आहे. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणे हेच जेथे वादग्रस्त होते, त्या काळात अशा पुराव्याची संस्थेला गरजही होती. संस्थेचा स्वार्थ आणि संस्थेचे धैर्य ही दोन्ही या चित्रात एकत्र नांदतात.

आता साडीकडे वळू. संस्थेच्या दृष्टीने ती ‘राष्ट्रीय पोशाख’ होती. आनंदीबाईंच्या दृष्टीने ती काय होती, याचे उत्तर चित्रात मिळणार नाही. ते सेरामपूरच्या व्याख्यानात शोधावे लागते. आपण हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणून राहू आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्यांनी तेथे जाहीरपणे दिली होती. समुद्रपर्यटनाने धर्म बुडतो असे मानणारा समाज एका बाजूला, आणि साहाय्याच्या बदल्यात धर्मांतराची अपेक्षा बाळगणारे काही मिशनरी दुसऱ्या बाजूला, अशा कैचीत ती ग्वाही दिलेली होती. परदेशातील वेश आणि आहार हे म्हणून त्यांच्या बाबतीत आवडीनिवडीचे प्रश्न राहिले नव्हते. साडी हा पाळलेला शब्द होता. पाहणाऱ्याला जे वैचित्र्य वाटले, ते नेसणारीच्या लेखी वचन होते. एकाच वस्त्रात दोन संहिता आहेत, आणि छायाचित्राने त्यांतील एकच टिपली.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. अमेरिकेतील थंडी आणि तेथील शिष्टाचार ध्यानी घेऊन आनंदीबाईंनी नऊवारीऐवजी पाय झाकणारी, गुजराती पद्धतीची साडी नेसण्याचे ठरवले होते. म्हणजे जो पोशाख परदेशात सरसकट ‘भारतीय’ म्हणून ओळखला गेला, त्यामागे एका प्रांतातील स्त्रीने दुसऱ्या प्रांताकडून घेतलेला उसना आधार होता. अस्मितेचे चिन्ह वरून अचल दिसते. आतून ते परिस्थितीशी तडजोड करीत टिकलेले असते. परंपरा जपणे म्हणजे ती जशीच्या तशी ठेवणे, असे मानणाऱ्यांनी या साडीचा विचार अवश्य करावा.

छायाचित्राच्या तंत्राची मर्यादाही वाचकाने जाणून घेतली पाहिजे. १८८० नंतर कोरड्या काचपट्ट्या सर्रास वापरात आल्या आणि चित्रणास लागणारा वेळ पुष्कळ कमी झाला. तरीही बसणाऱ्याला स्थिर राहावेच लागे. त्यामुळे त्या काळच्या चेहऱ्यांवरील गांभीर्याचा अर्थ लावताना सावध असावे. त्यात दुःख वाचणे सोपे असते, विशेषतः पुढचा मृत्यू आपल्याला माहीत असताना. दुसरे असे की, तत्कालीन साध्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. निळे वस्त्र फिकट उमटे, तांबडे काळवंडून जाई. कुंकवाचा रंग अशा पट्टीवर काळाच येणार. म्हणून या चित्रावरून साडीचा रंग, अंगाचा वर्ण किंवा प्रकृतीचा फिकेपणा यांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. कृष्णधवल चित्र वास्तवाची प्रत नसते. ते वास्तवाचे एका विशिष्ट रसायनाने केलेले भाषांतर असते, आणि भाषांतराचे नियम ठाऊक नसतील तर मूळ संहितेविषयी बोलू नये, हा दंडक साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही.

तंत्र जे टिपू शकत नाही त्याहून महत्त्वाचे आहे ते प्रसंग जे टिपू देत नाही. ऑक्टोबर १८८५ मध्ये आनंदीबाई साडेवीस वर्षांच्या होत्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि दहा दिवसांत गेलेले मूल, हे सारे त्यांच्या मागे होते. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्याला लहान वयात सोसाव्या लागलेल्या मारहाणीचा आणि धमक्यांचा वयागणिक हिशेब मांडला आहे. ज्या पुरुषाने शिकवले त्यानेच मारले, आणि ज्याने मारले त्याच्यावाचून हे शिक्षण घडले नसते, या गाठीसमोर मराठी चरित्रलेखन दीर्घकाळ थबकलेले आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ च्या कादंबरीने ही जोडगोळी घराघरांत नेली. पण तिच्या शीर्षकातच दोन नावे एकमेकांत अशी मिसळून गेली की, त्यांच्यातील अंतर उच्चारणे अवघड झाले. अंजली कीर्तने यांचे १९९७ चे संशोधनपर चरित्र आणि मीरा कोसंबी यांचे १९९६ पासूनचे लेखन यांनी पत्रांकडे परत जाऊन ते अंतर दाखवून दिले. छायाचित्रात गोपाळराव नाहीत. ते त्याच वर्षी अमेरिकेत आले. पण या चौकटीत त्यांना जागा नव्हती. आनंदीबाईंच्या दोन्ही बाजूंची नाती येथे वेगळी आहेत. त्या पत्नी म्हणून बसलेल्या नाहीत, दोन सहाध्यायिनींसह विद्यार्थिनी म्हणून बसल्या आहेत. मराठीतील आनंदीबाईंच्या बहुतेक प्रतिमांमध्ये हे दुर्मिळ आहे, आणि या चित्राचे आपल्या दृष्टीने खरे मोल तेथेच आहे.

त्या सहाध्यायिनींची मात्र आपण उपेक्षा केली आहे. मराठी लेखनात हे चित्र येते तेव्हा बाकीच्या दोघी बहुधा शोभेपुरत्या असतात. केई ओकामी या आनंदीबाईंहून सहा वर्षांनी मोठ्या, विवाहित. पदवीनंतर त्या जपानला परतल्या आणि टोकियोतील जिकेई रुग्णालयात काम करू लागल्या. सम्राटांच्या भेटीच्या प्रसंगी स्त्री असल्याकारणाने त्यांना दूर ठेवण्यात आले आणि त्यांनी ती नोकरी सोडली, असा वृत्तान्त सांगितला जातो. त्या १९४१ पर्यंत जगल्या. इस्लांबूलींविषयी तर पदवीनंतरची माहिती अगदी विरळ आहे. एकाच ओळीत बसलेल्या तिघींपैकी एकीवर दोन भाषांत चरित्रे, कादंबरी, नाटक आणि २०१९ साली चित्रपट झाला. दुसरीचा वृत्तान्त काही परिच्छेदांत मावतो. तिसरीचा काही ओळींत. चित्राने तिघींना समान जागा दिली होती. विषमता पुढे इतिहासाने आणि वाचकांनी निर्माण केली.

या विषमतेच्या मुळाशी ‘पहिली’ या शब्दाचा मोह आहे. हे चित्र सर्वत्र फिरते ते तीन देशांतील ‘पहिल्या’ स्त्री-डॉक्टरांचे म्हणून. परंतु १८८६ याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या, आणि जपानमध्ये ओगिनो गिन्को यांना वैद्यकव्यवसायाचा परवाना १८८५ मध्येच मिळाला होता. पदवी, परवाना, परदेशी विद्यापीठ, प्रत्यक्ष व्यवसाय अशी वेगवेगळी मापे लावली की पहिलेपणाचा मान हात बदलतो. याने कोणाचेच कर्तृत्व उणे होत नाही. उलट एकाच वेळी अनेक दारांवर अनेक हात थापा मारीत होते, हे अधिक खरे आणि अधिक मोठे दृश्य नजरेसमोर येते. ‘पहिली’ म्हटले की एकटीचा पुतळा उभा राहतो. या चित्रात मुळातच तिघी आहेत, आणि तरीही आपण त्यातून पुतळेच घडवले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? माझ्या मते एक वाचनक्रम घ्यावा. प्रथम मथळा बाजूला ठेवून केवळ दिसते तेवढे नोंदवावे. मग मथळा वाचावा आणि तो कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिला असेल हे साल ताडून पाहावे. त्यानंतर चित्रातील व्यक्तीचे स्वतःचे शब्द, पत्रे व भाषणे असल्यास ती, चित्राशेजारी ठेवावीत. चरित्रे शेवटी उघडावीत. आपण नेमके उलट करतो. चरित्राने दिलेला शेवट घेऊन चित्रापाशी येतो आणि चेहऱ्यावर तो शेवट वाचतो. बॉडलीबाईंनी पंडिता रमाबाईंच्या १८८७ च्या इंग्रजी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, तीत आनंदीबाईंच्या मृत्यूची छाया पडलेली आहे, डॉल यांचे चरित्र मृत्यूनंतरचे, काशीबाईंचे मृत्यूनंतरचे. आनंदीबाईंविषयीचे सारे प्रारंभीचे ग्रंथलेखन शोकानंतरचे लेखन आहे. त्यांची रक्षा अमेरिकेत थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली, हे वाचल्यावर कोणालाही त्या शोकाबाहेर पडणे कठीण जाते.

आनंदीबाईंच्या हयातीतील जी थोडी साधने उरली आहेत, त्यांत त्यांच्या पत्रांखालोखाल अशा छायाचित्रांची गणना करावी लागेल. १० ऑक्टोबर १८८५ रोजी पदवीला पाच महिने अवकाश होता. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, परीक्षा पुढे होती, कोल्हापूरची नेमणूक व्हायची होती, आणि परतीच्या प्रवासाची हमी कोणालाच नव्हती. मथळ्यातील उपाधीने ही सारी अनिश्चितता पुसून टाकली. ती उपाधी क्षणभर दूर केली, तर समोर राहते ती अभ्यास करणारी, थंडीने त्रासलेली, पुढचे काही ठाऊक नसलेली आणि तरीही ठरल्याप्रमाणे साडी नेसून बसलेली एक विद्यार्थिनी. मराठी चरित्रवाङ्मयाने तिच्याविषयी अजून फारच थोडे लिहिले आहे.